शाळेला संगणक देण्यापूर्वी : खोडाळ्यातून इंग्रजी वाचनाचा एक हिशेब

खोडाळा हे मोखाडा तालुक्यातले बाजाराचे गाव. आसपासच्या पाड्यांतला माणूस मीठ-मिरची, कपडा, बियाणे, पत्रे, औषध घ्यायला इथेच येतो. एका अंगाला मोखाडा-जव्हारचा रस्ता, दुसऱ्या अंगाला विहीगाववरून उतरले की कसाऱ्याचे स्टेशन आणि तिथून मुंबई. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा मोखाडा आणि जव्हार हे दोन्ही तालुके ठाण्यातून पालघरमध्ये आले. दोन्हीकडे वस्तीतले दहापैकी नऊ लोक आदिवासी : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी.

अशा गावात कोणाला चार पैसे शाळेसाठी द्यावेसे वाटले, मग तो दुकानदार असो, मुंबईत स्थिरावलेला गावकरी असो, एखादी संस्था असो की खुद्द ग्रामपंचायत, तर पहिली वस्तू सुचते ती संगणक. का, असे विचारले तर उत्तरही ठरलेले असते : पोरांना इंग्रजी वाचता आले पाहिजे. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण हे पान व्यापाराचे आहे. कोणताही व्यापारी माल उचलण्यापूर्वी विचारतो की पैसे किती, बदल्यात काय मिळणार आणि तुटफूट कोणाच्या अंगावर. शाळेसाठी वस्तू घेताना मात्र हे तिन्ही प्रश्न आपण सोडून देतो. तेच इथे विचारायचे आहेत.

प्रथम दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ग्रामीण मुलांच्या वाचनाची देशभर पाहणी करणारा 'असर' हा अहवाल 'प्रथम' ही संस्था काढते. त्याच्या २०२२ च्या अहवालानुसार साधे इंग्रजी वाक्य वाचू शकणारी पाचवीची मुले होती २४.५ टक्के. सहा वर्षांपूर्वी, २०१६ मध्ये, ती होती २४.७ टक्के. म्हणजे जिथल्या तिथे. आता दुसरा आकडा. ज्या घरी स्मार्टफोन आहे अशी घरे २०१८ मध्ये ३६ टक्के होती, ती २०२२ मध्ये ७४.८ टक्के झाली. मधली दोन वर्षे टाळेबंदीत गेली आणि शाळा बंद होत्या हे खरे, त्याची वजावट केलीच पाहिजे. तरीही खिशातली यंत्रे चार वर्षांत दुप्पट झाली आणि इंग्रजी वाचन तसूभरही पुढे सरकले नाही, हे लपत नाही. यंत्र घरात आल्याने वाचन येत असते तर ते एव्हाना आले असते.

मुलाला नेमके काय जड जाते

महाराष्ट्रात पूर्वी इंग्रजी पाचवीपासून शिकवत. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून सुरू झाली. खेड्यातल्या मुलाला शहरातल्या मुलाइतकी संधी मिळावी हा त्यामागचा विचार होता आणि तो योग्यच होता. पण पाड्यावरच्या मुलाचा विचार करा. घरात तो वारली किंवा कातकरी बोली बोलतो. शाळेतली पुस्तकी मराठी ही त्याची दुसरी भाषा. इंग्रजी तिसरी, आणि तीही अशी की शाळेच्या फाटकाबाहेर कुठे कानावर पडत नाही. भिवंडी-मुंब्र्याच्या उर्दू माध्यमातल्या मुलाची अडचण थोडी वेगळी आहे, त्याला लिपीची दिशाच बदलावी लागते. पण इंग्रजी कानावर पडते ते दूरदर्शन संच, दुकानाच्या पाट्या आणि गल्लीतली मोठी मुले यांच्यामुळे. खोडाळ्याच्या पुढच्या पाड्यावर तेवढेही नाही.

त्यात देवनागरीची सवय. आपल्याकडे 'क' दिसला की 'क' म्हणायचा, वाद नाही. इंग्रजीत अक्षराचे नाव 'सी', 'कॅट' या शब्दात त्याचा आवाज 'क' आणि 'सिटी'त 'स'. मराठी वाचायला शिकलेले मूल इथे बुचकळ्यात पडते आणि मग सोपा मार्ग धरते. ते धडा पाठ करते. पुस्तकावर बोट ठेवून मूल घडाघडा म्हणते आणि पाहुण्यांना वाटते की काय सुंदर वाचतो आहे! बोट दुसऱ्याच ओळीवर असते. वाचन म्हणजे पूर्वी न पाहिलेला शब्द अक्षरांवरून उच्चारता येणे आणि त्याचा अर्थ लागणे. त्यासाठी तोच आवाज, तोच शब्द, न कंटाळता शंभर वेळा ऐकवणारे कोणीतरी लागते आणि मुलाने म्हटलेले ऐकून घेणारेही कोणीतरी लागते. शिक्षक एक आणि वर्ग दोन-दोन, तीन-तीन, अशा शाळेत हे घडणे अवघड.

संगणकाकडून अपेक्षा आहे ती इथे. यंत्र कंटाळत नाही, रागावत नाही, उच्चार प्रत्येक वेळी सारखाच करते. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी १९६६ मध्ये ईस्ट पालो आल्टो येथील शाळेत पहिलीच्या मुलांना संगणकावर वाचन शिकवून पाहिले होते. आपल्याकडे केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाची योजना काढून सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक बसवले. मुलांना संगणकाची ओळख झाली, पण संगणकातून वाचन शिकणे ही गोष्ट त्या योजनेच्या हिशेबातच नव्हती. आज शाळेला संगणक देणाऱ्या पुष्कळांची गत तीच होते. यंत्र ज्या खोलीत ठेवतात तिला संगणक कक्ष म्हणतात, कक्षाला कुलूप असते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते.

ठाणे आणि माणगावचा धडा

आता या विषयातला सर्वांत उपयोगी दाखला. तो परदेशातला नाही, आपल्याच भागातला आहे. इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली खरी, पण पुष्कळ प्राथमिक शिक्षकांची स्वतःचीच इंग्रजी बोलण्याची तयारी नव्हती. त्यावर 'प्रथम'ने एक कार्यक्रम आखला. त्यात 'पिकटॉक' नावाचे छोटे यंत्र होते. यंत्रावर चित्रांचे पान ठेवायचे, मुलाने लेखणीसारख्या कांडीने चित्रावर टेकवले की यंत्र तो इंग्रजी शब्द स्पष्ट उच्चारून दाखवी. जोडीला पत्ते, म्हणजे चित्र आणि शब्द असलेली कार्डे, आणि त्यांवरचे खेळ. फँग हे, ली लिंडेन आणि मार्गारेट मॅक्लिओड या तीन संशोधकांनी ठाणे आणि रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे या कार्यक्रमाची परीक्षा घेतली आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. पद्धत व्यापाऱ्याला पटेल अशी होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शाळांची निवड केली. काही शाळांना कार्यक्रम दिला, काहींना दिला नाही आणि शेवटी दोन्हीकडची मुले एकाच मापाने मोजली.

फायदा झाला आणि तो चांगला झाला. सोप्या भाषेत सांगायचे तर, गुणांप्रमाणे शंभर मुले रांगेत उभी केली आणि मधोमध पन्नासाव्या जागी उभे असलेले मूल घेतले, तर ते साधारण अडतिसाव्या जागेपर्यंत पुढे सरकेल, एवढा. एका कार्यक्रमातून इतके मिळणे थोडे नव्हे.

परंतु खरी गंमत पुढे आहे. यंत्राने शिकलेली मुले पुढे गेली तशी केवळ कार्डांचे खेळ खेळलेली मुलेही पुढे गेली. छापखान्यात चार पैशांत छापून मिळणारे पुठ्ठ्याचे कार्ड महागड्या यंत्राच्या बरोबरीने उतरले! दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. फक्त यंत्र हातात देऊन आपापल्या गतीने शिकू दिले तेव्हा जास्त लाभ उचलला तो आधीच बरी असलेल्या मुलांनी. मागे पडलेल्या मुलांना जास्त फायदा झाला तो माणसाने घेतलेल्या खेळांमुळे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे, जिथे हा कार्यक्रम वर्गाच्या शिक्षकानेच चालवला तिथे मुलांचे गणितही सुधारले, बाहेरून आलेल्या सहायकांनी चालवला तिथे तसे झाले नाही.

खोडाळ्यात शाळेला देणगी देणाऱ्याने हे दोनदा वाचावे. त्याच्या डोळ्यासमोर कोणते मूल आहे? बाजारपेठेतल्या दुकानदाराचे, ज्याची आई त्याला संध्याकाळी अभ्यासाला बसवते, ते मूल असेल तर यंत्र द्या, ते मार्ग काढील. पण पाड्यावरून दोन-तीन किलोमीटर चालत येणारे, घरात पहिल्यांदाच शाळेत गेलेले मूल असेल, तर एकटे यंत्र त्याला पुढे नेत नाही. उलट दोघांतले अंतर वाढवते.

हैदराबादचा एक छोटा प्रयोग याच्या विरुद्ध टोकाला आहे, तोही सांगितला पाहिजे. 'भिंतीतील संगणक' म्हणून १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत केलेल्या प्रयोगामुळे सुगत मित्रा यांचे नाव झाले. पुढे आपल्या सिंधुदुर्गातही तसे संगणक बसवले गेले. त्याच मित्रांनी आपल्या सहकाऱ्यांसह हैदराबादच्या एका कमी फीच्या खाजगी शाळेत सोळा मुलांना संगणक, बोललेले टिपून अक्षरांत दाखवणारा प्रोग्राम आणि काही इंग्रजी चित्रपट देऊन शिक्षकाविना सोडून दिले. उच्चार स्पष्ट नसला की पडद्यावर भलतेच शब्द उमटायचे. मुलांना त्याचा खेळच झाला आणि काही महिन्यांत उच्चार सुधारले. हा अहवाल २००३ चा. पण ही मुले इंग्रजी शाळेतली होती, त्यांना अक्षरे येत होती. म्हणजे माणगावचाच निष्कर्ष वेगळ्या वाटेने आला : ज्याला थोडे येते त्याला यंत्र पुढे नेते.

खैराटचे हिरवे लॅपटॉप

पुष्कळांना 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' आठवत असेल. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी जगातल्या प्रत्येक गरीब मुलाला एक एक द्यायचा संकल्प सोडला होता. किंमत मात्र शंभरावर कधीच थांबली नाही, जवळजवळ दुप्पट झाली. हिंदुस्थान सरकारने २००६ मध्ये ही योजना घेण्यास नकार दिला. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत वीसेक मुलांना ते हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. मुले हरखली, शाळेत येऊ लागली, वर्तमानपत्रांत फोटो आले. पण एका वाडीवरचा कौतुकाचा विषय आणि हजार वाड्यांची व्यवस्था यांत फरक असतो. पेरू या देशाने हेच लॅपटॉप लाखोंनी घेतले. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये बाहेर आला. मुले लॅपटॉप वापरायला तरबेज झाली होती, पण गणितात आणि भाषेत लॅपटॉप न मिळालेल्या मुलांपेक्षा पुढे नव्हती.

शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा शाळेचे नाव मात्र वेगळ्या कारणाने घेतले पाहिजे. संदीप गुंड या शिक्षकांनी गावाला सोबत घेऊन जिल्हा परिषदेची ही शाळा डिजिटल केली. पुढे राज्यात कितीतरी शाळांनी तिचे अनुकरण केले. पाहायला गेलेल्यांच्या नजरेत पडदा आणि प्रोजेक्टर भरला. मला वाटते, पाहण्यासारखा होता तो शिक्षक. प्रोजेक्टर विकत आणता येतो म्हणून तेवढाच आणला गेला.

सत्तर सेकंद

आता साधे गणित मांडू. वर्गात तीस मुले, तास पस्तीस मिनिटांचा, संगणक एक. प्रत्येकाच्या वाट्याला सत्तर सेकंद. तेवढ्यात मूल खुर्चीवर बसून उठते. म्हणून होते काय, तर एकजण माऊस धरतो आणि बाकीचे मागून पाहतात. माऊस धरणारा बहुधा तोच असतो ज्याला आधीपासून येते.

आता दुसरी मांडणी. समजा, चोवीस मुले शाळा सुटल्यावर किंवा भरण्यापूर्वी ऐंशी मिनिटे बसली. सहा-सहांचे चार गट केले. साधे टॅबलेट दोन. एका वेळी एक गट यंत्रांपाशी, एका यंत्रावर तिघे, वीस मिनिटे. बाकीचे तीन गट कार्डांचे खेळ, जोडीने वाचन आणि ताईपुढे मोठ्याने वाचून दाखवणे यात. वीस मिनिटांनी पाळी बदलली. प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या हातात यंत्र जवळजवळ सात मिनिटे येते, म्हणजे पहिल्या मांडणीच्या सुमारे सहापट. आणि उरलेला तासभर ते माणसाच्या नजरेखाली वाचते. फरक यंत्रांच्या संख्येने पडला नाही, तिथे एक माणूस बसवल्याने पडला.

ही ताई कोण? पाड्यावरची बारावी झालेली मुलगी. तिची इंग्रजी कच्ची असेल, हा आक्षेप लगेच येईल आणि तो बरोबर आहे. यंत्राचे खरे काम इथेच आहे. शुद्ध उच्चार यंत्राने करायचा. मूल काय म्हणाले, कुठे अडले, का गप्प आहे, आज उपाशी आले आहे का, हे ताईने पाहायचे. आणि अडलेल्या मुलाला त्याच्या बोलीत समजावायचे, जे जगातल्या कोणत्याही प्रोग्रामला आज कातकरी बोलीत जमत नाही. शिवाय रोज तेच शब्द ऐकून वर्षभरात तिचीही इंग्रजी सुधारते, हा वरचा नफा.

पैशांचे बोलू. समजा, गावाजवळ एक लाख रुपये आहेत. सगळ्याचे संगणक, प्रोजेक्टर आणि टेबल-खुर्च्या घेतल्या तर उद्घाटन थाटात होईल आणि दुसऱ्या पावसाळ्यात दुरुस्तीला पैसे नसतील. त्याऐवजी तीस हजारांत दोन टॅबलेट, इअरफोन आणि एक आवाज मोठा करणारा डबा घ्यावा. पाच हजारांची कार्डे आणि गोष्टींची पुस्तके. पाच हजार दुरुस्तीसाठी बाजूला. उरलेल्या साठ हजारांत महिना तीन हजार मानधनाने ताईचे वीस महिने, म्हणजे शाळेची दोन वर्षे निघतात. भाव आपापल्या बाजारात विचारून आकडे बदलावेत, पण प्रमाण सोडू नये. यंत्रावर एक रुपया तर माणसावर दोन.

प्रोग्रामसाठी पैसे मोजण्याची तर फारशी गरजच नाही. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेल्या चौकोनी खुणांवरून 'दीक्षा'वरचे पाठ उघडतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून मराठी-इंग्रजी गोष्टी मोफत आहेत, छापून घ्यायलाही मोकळीक आहे. गूगलने २०१९ मध्ये 'बोलो' नावाने आणि नंतर 'रीड अलाँग' नावाने असा प्रोग्राम दिला की मूल मोठ्याने वाचते आणि यंत्र ऐकून चुकलेला शब्द दाखवते. त्यात पुढे मराठी आणि उर्दूही आली, आणि एकदा उतरवून घेतल्यावर तो नेटशिवाय चाले. मोखाड्याच्या डोंगरात रेंज कशी असते हे जाणणाऱ्याला या शेवटच्या गोष्टीचे मोल कळेल. कोणताही प्रोग्राम घेण्यापूर्वी हाच पहिला प्रश्न विचारावा : नेट नसेल तर चालतो का?

दिवाळीनंतर बाकडी रिकामी होतात

आणखी एक गोष्ट शहरात बसून प्रोग्राम बनवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. भातकापणी झाली, दिवाळी सरली की मोखाडा-जव्हारची कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, भिवंडी, वसई, ठाणे, नाशिक अशी. कोणी शिमग्याला परततात, कोणी पावसाच्या तोंडावर. मुलेही बरोबर जातात. १९९० च्या दशकात ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्यांवर विधायक संसदेने भोंगाशाळा चालवल्या त्या याच मुलांसाठी. सरकारची हंगामी वसतिगृहेही याच कारणाने निघाली. वर्गात इंग्रजीचा सहावा धडा चालू असताना मूल गेले आणि परत आले तेव्हा पुस्तक संपत आलेले. ते पुन्हा कधीच वर्गाबरोबर येत नाही.

इथे मात्र यंत्राचा एक गुण माणसापेक्षा सरस आहे. ते दुकानाच्या खातेवहीसारखे असते. प्रत्येक मुलाचे खाते वेगळे, आणि नोंद जिथे थांबली तिथून पुढे. चार महिन्यांनी आलेल्या मुलाला वर्गासमोर मान खाली घालून बसावे लागत नाही, त्याचे पान त्याची वाट पाहत असते. बापाच्या मोबाइलमध्ये तोच प्रोग्राम उतरवून दिला तर भट्टीवरही रात्री दहा मिनिटे चालू राहू शकते. संगणकाने वाचन शिकवण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा कोणी मला विचारला, तर मी उच्चाराचा किंवा रंगीत चित्रांचा सांगणार नाही, हा सांगेन. आणि विकणारा नेमका हाच सांगत नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक भट्टीवर जात नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. मराठी वाचता न येणाऱ्या मुलाला थेट इंग्रजी यंत्रापुढे बसवू नये. एका लिपीत अक्षर आणि आवाज यांचे नाते कळले की दुसऱ्या लिपीत ते लवकर कळते. याच जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळे येथे 'क्वेस्ट' ही संस्था २००७ पासून मुलांच्या वाचन-लेखनावर काम करते आहे. शिक्षकांनी आणि ताईंनी पाहून येण्यासारखे ठिकाण आहे, आणि खोडाळ्याहून फार लांबही नाही.

यात धंदा आहे का?

या पानाचे तरुण वाचक हे विचारणारच. गावात संगणकावर इंग्रजी वाचनाचा वर्ग काढला तर पोट भरेल का? दिल्लीचा अनुभव पाहा. गरीब वस्त्यांत 'माइंडस्पार्क' या प्रोग्रामची केंद्रे चालत. शाळेबाहेरच्या वेळात पाऊण तास संगणक आणि पाऊण तास लहान गटात शिकवणारा माणूस, आठवड्यातून सहा दिवस. साडेचार महिन्यांत मुलांची गणितात चांगली आणि हिंदीत दिसण्याजोगी प्रगती झाली. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभर नावाजला गेला. पण फी होती महिना सुमारे दोनशे रुपये, आणि तीही सवलतीची. बाकीचा भार देणगीवर. राजधानीत जे फीवर भागले नाही ते खोडाळ्यात भागेल अशी आशा कोणी धरू नये.

म्हणून केवळ वाचनवर्गावर दुकान मांडू नका. झेरॉक्स, छपाई, ऑनलाइन फॉर्म, दाखल्यांचे अर्ज, प्रवेशाची कामे यांचे दुकान चालते, कारण त्या कामासाठी माणसाला मोखाडा किंवा जव्हारचे भाडे भरावे लागते ते वाचते. त्या दुकानातला संगणक संध्याकाळी रिकामा असतो. तो वेळ वाचनवर्गाला दिला तर जागेचे भाडे आणि वीजबिल आधीच निघालेले असते. कार्डे छापण्याचे काम आसपासच्या शाळांकडून घेता येते. माणगावच्या अनुभवानंतर कार्डांना कमी लेखण्याचे कारण उरलेले नाही. टॅबलेट दुरुस्तीचे हुन्नर अंगी असेल तर आणखी बरे. शाळांना विकलेल्या यंत्रांपैकी कितीतरी एका सुट्या भागासाठी पडून राहतात आणि दुरुस्त करणारा नाशिकला किंवा ठाण्याला असतो.

मग ताईच्या मानधनाचे पैसे कोण देणार? मोखाडा आणि जव्हार अनुसूचित क्षेत्रात येतात. २०१५ पासून महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के वाटा पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. ज्या चार बाबींवर तो खर्च करता येतो त्यांतल्या एकीत आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण येते. म्हणजे हा निर्णय मंत्रालयात नाही, गावच्या चावडीवर व्हायचा आहे. शाळेसाठी वस्तूंची यादी ग्रामसभेपुढे येते तेव्हा तीत यंत्राचे नाव, संख्या आणि किंमत असते. त्याच ठरावात रोज किती मुले, किती मिनिटे, कोणाच्या देखरेखीखाली वाचतील आणि किल्ली कोणाकडे राहील, हेही लिहून घ्यावे. देणगीदारानेही आपल्या पत्रात हेच लिहावे.

आणि विक्रेत्याशी बोलताना संकोच करू नये. वीज गेल्यावर यंत्र किती तास चालते, बिघाड झाला तर माणूस खोडाळ्याला येणार की यंत्र मुंबईला न्यावे लागणार, दुसऱ्या वर्षी प्रोग्रामचे पैसे पुन्हा पडणार का, हे लेखी मागावे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाकडून त्याने कधी न पाहिलेली पाच सोपी इंग्रजी वाक्ये वाचून घ्यावीत आणि वहीत नोंद करावी. दिवाळीपूर्वी, पाडे रिकामे होण्याआधी, दुसरी पाच वाक्ये द्यावीत. पुढच्या जूनमध्ये तिसरी. बिलाची उरलेली रक्कम ती वही पाहून चुकती करावी.